तिकीट मागायचा धडा

तीस वर्षं ट्रक हाकून त्याची हिंदी गुळगुळीत झाली होती. बायकोची पाटी मात्र कोरी. म्हणून आज सकाळी उठल्या उठल्या त्यानं तिला परतीच्या प्रवासापुरती हिंदी शिकवायला घेतलं.

“स्टेशन कुठंय, विचार बघू.”

“स्टेशन किधर है?”

“जरा गोड विचार की. माझ्याशी बोलतेस तशी बोललीस तर रिक्षावाला रिक्षा टाकून पळेल.”

एरवी ती लाटणं घेऊन धावली असती. आज नुसती मान हलवली. मग पाणी मागून झालं, फलाट विचारून झाला, ‘जरा सरकिए’सुद्धा झोकात जमलं.

“आता तिकीट माग.”

“दो टिकट दीजिए.”

“एक.”

“दो.”

“अगं बाई, एकला हिंदीतही एकच म्हणतात. त्यात अडतंय कुठं?”

“दोनच मागणार मी,” ती खाली बघत म्हणाली.

आता मात्र तो काकुळतीला आला. “असं काय करतेस? मी सोबत असलो तर तुला खिडकीवर जाऊ देईन का? मीच काढेन की तिकिटं.”

बोलून गेला आणि त्यालाच वाटलं, जीभ हासडून टाकावी.

तेवढ्यात स्ट्रेचर आलं. “चलिए बाबा, ऑपरेशन का टाइम हो गया,” नर्स म्हणाली आणि दोघा वॉर्डबॉयनी त्याला उचलून त्यावर ठेवलं.

बायकोनं स्ट्रेचरचा दांडा घट्ट धरला. तिच्याजवळ होती नव्हती तेवढी सगळी हिंदी गोळा करून ती नर्सला म्हणाली, “दो टिकट दीजिए.”