शेवटच्या पेंढीची बाहुली

सप्टेंबरात दिवस आणि रात्र सारखे होतात, त्या दिवशी आम्ही आठ विक्कापंथी, म्हणजे निसर्गाला देव मानणाऱ्या बायका इंग्लंडातल्या सॉमरसेटमधल्या आमच्या गावच्या चर्चलगतच्या कुरणात सफरचंदं आणि पाव मांडून धरणीचे आभार मानतो. यंदा चर्चच्या कारभारीण हिल्डाबाईंनी कुरणाच्या फाटकाला कुलूपच ठोकलं. "रोवेना, तुमची ती भुताटकी देवाच्या दारात नको," म्हणाल्या.

रविवारी चर्चमध्ये सुगीची प्रार्थना होती. आम्ही आठही जणी टोपल्या घेऊन मुद्दाम पहिल्या बाकावर जाऊन बसलो. वेदीवर भोपळे, पाव आणि मधोमध गव्हाच्या काड्यांची विणलेली बाहुली होती. प्रार्थना संपल्यावर मी सगळ्यांदेखत विचारलं, "हिल्डाबाई, ही बाहुली कशाला हो?"

"एवढंही माहीत नाही?" त्या फणकारल्या. "शेवटच्या पेंढीची आहे. शेताचा जीव हिवाळाभर तिच्यात राहतो. नांगरट सुरू झाली की पहिल्या सरीत पुरायची. माझी आजी विणायची, आता मी विणते."

मी उठले आणि माझी टोपली बाहुलीच्या पायाशी ठेवली.



"मग कुलपाची किल्ली आणा, हिल्डाबाई. आठ नाही, आपण नऊ जणी आहोत."