प्लग काढल्यावर

"आता नीट बघा हं," म्हणत यशराजनं दोन्ही लॅपटॉपवर दीपाच्या कामातलं एकच चित्र तयार करायला लावलं. कुणाच्या तरी नव्या बंगल्याचं, जिन्यासकट, सावल्यांसकट. राजारामपुरीतल्या त्याच्या दुकानात दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी कामाला लागली. डावीकडच्यानं घुर्र आवाज करत चित्र पुरं केलं, तेव्हा उजवीकडचं अजून जिन्यावरच होतं.

तात्यासोंचं लक्ष चित्रावर नव्हतंच. ते सुनेच्या कापडी पिशवीकडं बघत होते. घरातून निघाल्यापासून दीपानं ती मांडीवरून हलू दिली नव्हती. गाडीत "आण, मागं ठेवतो" म्हणाले, तर "असू दे तात्या" म्हणत तिनं ती आणखीच जवळ ओढली. जन्म गेला गुळाच्या व्यापारात. वरून सोन्यासारखी दिसणारी ढेप फोडली की आत काय निघेल सांगता येत नाही, हे ज्याला ठाऊक, तो पिशवीवर तरी कसा विश्वास ठेवणार? विश्वास त्यांचा विजेवरही नव्हता. पेठेतल्या गाळ्यात छताच्या एका दिव्यापलीकडं त्यांनी कधी वायर येऊ दिली नाही.

"मग ह्योच जोरकस की," डावीकडच्यावर हात ठेवत ते म्हणाले. हाताला चटका बसला.

"थांबा काका. दोन्ही चिपा एक नंबर हायत, पर खोड वेगळी." यशराजनं दोन्ही प्लग उपसले आणि चित्र पुन्हा लावलं. आता डावीकडचा रेंगाळायला लागला, चार्जिंगचा आकडा तर बघता बघता उतरला. उजवीकडचा मघाच्याच चालीनं चालला होता, तोंडातून आवाज नाही. "डावा भिंतीला लागून हाय तोवर वाघ. उजवा जरा मागं पडंल, पर त्याला प्लग असला काय, नसला काय. दिवसभर काम करतोय."

"खरंच दिवसभर?" दीपानं विचारलं. "जवळपास प्लग नसला तरी?"

तात्यासोंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ही बया घरात, जेवणाच्या टेबलाशी काम करते. प्लग हाताशी. मग हिला भिंतीपासून लांब जायचंय कुठं?

कुठं म्हणजे काय, बंगळुरूला. मुलगा वृषभ तिथं नोकरीला. त्यांची बायको अक्काताई गेली, तेव्हा दीपाच आपण होऊन इथं राहिली होती. पण तरण्या पोरीनं नवऱ्याला सोडून म्हाताऱ्यापाशी किती दिवस काढायचे? जाणारच ती. मग उरणार ते आणि रिकामं घर. ह्या विचारानं त्यांच्या पोटात खड्डा पडला. तसा तो रोज संध्याकाळी पडायचाच. दिवस मावळल्यावर घास घ्यायचा नाही, हा घरचा नेम. अक्काताई होती तोवर डबा घेऊन पेठेत यायची आणि दिवे लागायच्या आत त्यांना जेवायला घालायची. आता सौदे लांबायचे आणि जेवण राहून जायचं. घरी मात्र ते "पेठेतच जेवलो" असं ठोकून द्यायचे.

एवढ्यात दीपा उठली. भिंतीवर लटकवलेल्या बॅगांतली एक तिनं काढली. खालच्या कप्प्याला वीत लावली. मग सगळ्यांकडं पाठ करून कापडी पिशवीतलं काहीतरी त्यात घातलं, चेन ओढून पाहिली, आणि परत काढून घेतलं. झालं. आता सांगायला कोण पाहिजे? एक कप्पा लॅपटॉपला, एक कपड्यांना.

"डावा बांधा," तात्यासो म्हणाले.

"तात्या, मला उजवा पुरतोय," दीपा म्हणाली.

"घरच्या सुनंला कमी जोराचं घेऊ व्हय मी?" आवाज मुद्दाम चढवला त्यांनी. मनात मात्र दुसरंच होतं. दाव्याला बांधलेलं जनावर लांब जात नाही. भिंतीला बांधलेलं यंत्र घेतलं तर सूनही घरातच राहील. विचार वाईट होता, हे त्यांनाही कळत होतं. पण एकटेपणाची भीती त्याहून मोठी होती.

दीपानं वाद घातला नाही. बॅग परत खुंटीला अडकवली. "मग ही नको."

तात्यासोंना राहवलं नाही. "का? बंगळुरूला जाताना लागंल की."

"बंगळुरूला कोण चाललंय?" दीपा त्यांच्याकडं बघतच राहिली. मग तिनं दाराबाहेर पाहिलं. ऊन समोरच्या इमारतीच्या गच्चीवर चढलं होतं. तिनं कापडी पिशवीत हात घातला आणि दोन लॅपटॉपच्या मधे, काउंटरवर, स्टीलचा डबा ठेवला. अक्काताईचाच, कडीपाशी पोचा आलेला.

"हा बॅगेत बसतोय का बघत होते," ती म्हणाली. "उद्यापासून दुपारीच डबा घेऊन पेठेत येणार होते. तुमचं संध्याकाळचं जेवण होईतो गाळ्यातच बसून काम केलं असतं. पेठेत जेवलो म्हणता, आणि सकाळी उठून चार भाकऱ्या खाता. मला काय कळत न्हाय व्हय? आता आधी खाऊन घ्या. दिवस मावळायला आलाय."

तात्यासोंनी डबा उघडला. भाकरी, झुणका, आणि अक्काताई ठेवायची तसा कडेला गुळाचा खडा. पहिला घास त्यांनी गुळाला लावून तोंडात घातला. यशराज डाव्या लॅपटॉपचं खोकं चिकटपट्टीनं बंद करायला लागला होता. तात्यासोंनी डावा हात वर करून त्याला थांबवलं.

"पावणं, तो उजवा द्या," ते म्हणाले. "आमच्या गाळ्यात प्लग न्हाय."