दारावरचं पिवळं फडकं

तोकिएबाई न्हाणीच्या फरशीवर आडव्या पडल्या होत्या आणि नळाखालची बादली भरून वाहत होती. नळ बंद करायला वळल्या, तेवढ्यात लुळा डावा पाय सरकला. धरायला भिंतीवर काही नव्हतं. कठडा बसवा म्हणून घरं देणाऱ्या कचेरीला त्यांनी दोन वर्षं अर्ज केले होते. ‘भिंतीला भोकं पाडता येणार नाहीत’ असं एका ओळीचं उत्तर आलं. तळमजल्याच्या सोडतीतही तीनदा नाव लागलं नाही. बिनलिफ्टचा चौथा मजला काही सुटला नाही.

तरी त्या घाबरल्या नव्हत्या. इमारतीतल्या प्रत्येक एकट्या म्हाताऱ्याने सकाळी आठच्या आत दाराला पिवळं फडकं लावायचं, संध्याकाळी काढून दाराबाहेरच्या दुधाच्या पेटीत ठेवायचं. मग इमारतीच्या समितीचा माणूस वही आणि किल्ल्या घेऊन मजल्यामजल्यावर फेरी मारतो; फडकं दिसलं नाही, तर दार उघडून आत बघतो. आपल्या फडक्याला त्यांनी हौसेने एक घुंगरू शिवलं होतं. आज ते पेटीतच होतं. म्हणजे कुणीतरी येणार. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी घरात येणार होतं.

जिन्यावर पावलं वाजली. समितीचे ओबाताकाका, स्वतः एकोणऐंशीचे, धापा टाकत दाराशी थांबले. तोकिएबाईंना रडूच फुटलं.

“फडकं नाही इथे. किल्ली काढतो.”

“थांबा हो काका!” हा आवाज शेजारच्या मुरोताबाईंचा. “पाणी ऐकू येत नाही का? धुणं चाललंय त्यांचं. तुम्ही असे एकदम आत शिरलात, तर मेल्याहून मेल्यासारखं होईल बिचारीला. वर वहीत ‘विसरल्या’ म्हणून लिहिलंत, तर महिनाभर खाली तोंड दाखवायची नाही ती.”

“एरवी तरी कुठे येतात खाली!”

“मी पडलेय,” तोकिएबाई ओरडल्या. बरगडीत कळ आली आणि निम्मा आवाज घशातच राहिला. उरलेला पाण्याच्या आवाजात बुडाला.

दुधाच्या पेटीचं झाकण वाजलं. मग घुंगरू वाजलं.

“हे बघा, लावलं मी. आता त्यांना कुणी बोलायला नको.”

“भल्या आहात हो तुम्ही, मुरोताबाई.”

पावलं एकेक पायरी सावकाश उतरत गेली. तोकिएबाईंनी साबणाची डबी दारावर फेकली. ती वाटेतच पडली. खालून ओबाताकाकांचा मोठा, समाधानी आवाज आला.

“चौथा मजला, सगळे ठीक!”