जळीत ऊस

निरवांगीच्या महिपतीआबांचा ऊस पेटला, त्यांच्या थोरल्यानं फिर्याद दिली आणि पोलिसांनी शेजारच्या वस्तीवरच्या सुयोगला उचललं. एकटं राहणारं, कुणात न मिसळणारं, अबोल पोरगं. आजवर पकडलेल्यांच्या माहितीवरून गुन्हेगार कसा असेल ते सांगणारा नवा प्रोग्राम चौकीत आला होता. सुयोग त्यात नेमका बसला.

आबा पुन्हा चौकीत आले. "सायेब, कितींदा सांगू? तोडीला टोळी येईना. जळीत ऊस कारखाना आधी नेतो, म्हणून काडी मीच लावली. सोडा पोराला."

"आबा, विहिरीवरच्या मोटारी चोरणारे ह्या प्रोग्रामनंच बरोबर दाखवले होते. तुमचं पण नाव घालून बघितलं. नातवंडं, भजन, गावात मान. शंभरात दोन गुण पडले तुम्हाला."

"मग मी खोटं बोलतोय व्हय?"

"मायेपोटी बोलताय. आग लावणारा असा आपणहून येत नसतो, ते बी ह्यात हाय."

साहेबांनी आबांसाठी चहा सांगितला. मग कोपऱ्यात बसलेल्या सुयोगकडं वळून ते म्हणाले, "बघ, कसल्या देवमाणसाचा ऊस जाळलास."