चांगल्या डोळ्याची पट्टी

डॉक्टरीणबाईंनी नातीचा चांगला डोळा झाकला आणि समोर प्लॅस्टिकचा हत्ती धरला. त्याच्याकडे बघायला तिरळा डोळा सरळ व्हायला हवा होता, पण तो नुसताच भिरभिरत राहिला. "चांगला डोळा पट्टीखाली असला तरच हा बघायला शिकणार. तुम्ही पट्टी लावलेलीच नाही. हा आणखी बिघडलाय."

"रोज सकाळी लावून मगच कामाला जाते मी!" सून उसळली. सासूबाई गालातल्या गालात हसल्या. सुनेला कुणीतरी झापतंय, हे ऐकायला त्यांना बरं वाटत होतं.

"आई गेली की आजी पट्टी काढून दुसऱ्या डोळ्याला लावते," नात म्हणाली.

सून गर्रकन वळली. "तुमची हिंमतच कशी झाली?"

"आवाज खाली! वाकडा डोळा झाकायचा सोडून चांगला कुणी झाकतं का? तो डोळा मिरवत पोरीला सोसायटीत हिंडवू? चार बायका मला विचारतात, तुला नाही!"

डॉक्टरीणबाईंनी दोघींना गप्प केलं. नातीचा चांगला डोळा पुन्हा झाकला आणि सासूबाईंना न बोलता खोलीच्या टोकाला जाऊन उभं राहायची खूण केली. शाळेच्या फाटकापाशी रोज हलवतात तसाच सासूबाईंनी हसून हात हलवला.

"बाळा, समोर कोण आहे?"

नातीने मान पुढे काढून बराच वेळ बघितलं.

"कुणीतरी बाई आहे."