बोलकी रंजिता

जन्मतःच रंजिताच्या मेंदूची डावी बाजू निकामी झाली होती. "बोलण्याचं काम उजवी बाजू उचलेल, पण त्या बाजूचं स्वतःचं एखादं काम, नजरेचं किंवा वाटा-दिशा ओळखण्याचं, मागे पडेल," डॉक्टर म्हणाले. "बोलती होऊ दे फक्त," तिची आई कमळ हात जोडून म्हणाली. चौथ्या वर्षी रंजिता बोलू लागली आणि साऱ्या टेमघरची लाडकी झाली.

नवव्या वर्षी ती पहिल्यांदाच एकटी दुकानात गेली. अर्धा तास झाला तरी आली नाही, तशी कमळ धावत निघाली. घरापासून चारच दारं सोडून रंजिता रडत उभी होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला घडाघडा पत्ता सांगत होती.

"आई, सगळी म्हणतात घर हिथंच हाय. मग मला का न्हाय गं सापडत?"