तीन ठिकाणांहून

“बाळ आजच काढा,” सासूबाई म्हणाल्या, जणू दाढच काढायची होती.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर सरकवला. “आज? ऑपरेशन अठ्ठावीस तारखेला ठरलंय. अजून तीन आठवडे आहेत. आत्ता काढलं तर फुप्फुसं कच्ची असू शकतात. श्वासासाठी मशीनवर ठेवावं लागलं, तर मी कसलीच खात्री देणार नाही.”

“सव्वीसपासून तीन दिवस अंधार आहे. उल्का जवळून जाणार, धुळीने सूर्य झाकणार, वीज बंद. तुमचे दिवे कशावर पेटणार?” सासूबाईंचा आवाज कापत होता. बाई दुष्ट नव्हती. चार रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. एकदा नातवंड दुपट्यात आलं की अंधारातही छातीशी धरता येईल, एवढंच तिच्या मनात होतं.

“दोन-तीन आठवड्यांनी असा काय फरक पडतो?” नवरा पुटपुटला. तो आईकडेही बघत नव्हता आणि बायकोकडेही.

सुनेच्या अंगाचा तिळपापड झाला. ओझं वाहतेय ती, आणि फरक विचारतोय हा! तिने पोटावरचा हात तसाच ठेवला आणि दुसऱ्या हाताने फोन उचलला. “आई, हे तुम्हाला सांगितलं कोणी?”

“एकीने नाही, तिघींनी मेसेज पाठवलाय.” तीन ठिकाणांहून आलेली बातमी खरी, हा त्या घरातला सासऱ्यांच्या वेळचा नियम. त्यावर लग्नं जुळली होती आणि मोडलीही होती. “तुझी नणंद, माझी बहीण आणि तुझ्या मामेसासूबाई. तिघी काय खुळ्या आहेत?”

“विचारू या की.” तिने फोन स्पीकरवर टाकला.

नणंद म्हणाली, “मला मामीने पाठवला. का गं वहिनी, मेणबत्त्या मिळाल्या का तुम्हाला? इकडे एकही नाही.”

मावशींनीही मामींचंच नाव सांगितलं.

मामींना तर विचारायचीच खोटी. “अगं, मला वन्संनीच, तुझ्या सासूबाईंनीच पाठवला! खाली लिहिलं होतं, हे खरं असेल का गं? म्हटलं, वन्सं उगाच विचारायच्या नाहीत, म्हणजे असणारच काहीतरी. मग दिला सगळ्यांना पाठवून. का, झालं काय?”

फिरून फिरून भोपळे चौकात! सासूबाईंची भीती सगळ्या गोतावळ्यात हिंडून, प्रत्येकीचं बोट धरून, त्यांच्याच दारात साक्ष द्यायला उभी राहिली होती. डॉक्टरीणबाई हसू दाबत खिडकीबाहेर बघू लागल्या.

“आणि तुम्हाला कोणी पाठवला होता?”

“सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर आला होता. नंबर ओळखीचा नव्हता.” सासूबाई खुर्चीत खचल्या.

आता नवऱ्याला वाचा फुटली. “बघ ना आई, मी तरी कधीचा...”

“तू गप्प बस,” सून म्हणाली. “डॉक्टर, तारीख तीच. त्याआधी असल्या कारणासाठी माझ्या पोटाला कोणी हात लावायचा नाही.”

सासूबाईंनी डोळे पुसले. मग अगदी लहान आवाजात त्यांनी विचारलं, “पण खरंच अंधार झाला तर गं?”

“झाला तर अंधारात जन्मेल, आई. पण पुऱ्या दिवसांचं जन्मेल.”